पहिल्या दोनशे किलोमीटरच्या सायकलफेरीपूर्वी

सकाळी सहाला निघून सायंकाळी साडेसातपर्यंत सायकलने दोनशे किलोमीटर अंतर कापणे, ही ‘ब्रेव्हे’ या उपक्रमाची पहिली पायरी होय. ऑडॅक्स क्लब पॅरिसियन या फ्रेंच संस्थेच्या नियमांनुसार भारतातील अनेक शहरांतून अशा फेऱ्या आयोजित केल्या जातात. दोनशे किलोमीटरसाठी 13 तास 30 मिनिटे, तीनशेसाठी 20 तास, चारशेसाठी 27 तास आणि सहाशेसाठी 40 तास अशी मुदत असते. ही शर्यत नव्हे. येथे क्रमांक काढले जात नाहीत. वाटेतील नियंत्रण-केंद्रांवर ठरावीक वेळेत पोहोचल्याची नोंद करावयाची आणि दोन केंद्रांच्या दरम्यान आपली व्यवस्था आपणच पाहावयाची. मदतीची गाडी पाठीमागून येत नाही. नवख्या सायकलस्वाराला याच स्वावलंबनाचे आकर्षण वाटते. आरोग्याच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा की, त्रास सुरू झाल्यास तो वेळीच ओळखण्याची जबाबदारी प्रथम आपल्यावरच येते.

थांबे धरून हिशेब केला, तर या फेरीचा सरासरी वेग ताशी 15 किलोमीटरहूनही किंचित कमी पडतो. खाणे, पाणी भरणे, पंक्चर काढणे यांत दोन तास गेले असे मानले, तरी प्रत्यक्ष चालवण्याचा वेग ताशी साडेसतरा किलोमीटरच्या आसपास राहतो. नियमित सायकल चालवणाऱ्या निरोगी माणसाला तो साध्य आहे. खरी कसोटी वेगाची नसून तेरा तास शरीरातील पाणी, क्षार, साखर आणि उष्णता यांचा मेळ राखण्याची आहे.

नावनोंदणीपूर्वीची तपासणी

वय 35 च्या पुढे असल्यास, अनेक वर्षे बैठे काम केलेले असल्यास, धूम्रपान, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असल्यास, अथवा जवळच्या नातेवाइकाला कमी वयात हृदयविकार झालेला असल्यास, सराव वाढवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चढ चढताना छातीवर दाब येणे, श्रमाच्या वेळी भोवळ येणे, पूर्वी सहज जमणाऱ्या श्रमात आता धाप लागणे, यांपैकी काहीही जाणवत असेल तर वय कितीही असो, तपासणीपूर्वी नावनोंदणी करू नये. विश्रांतीच्या अवस्थेत काढलेला ईसीजी निर्दोष आला की हृदय निर्धोक आहे, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतानाही असा आलेख सामान्य दिसू शकतो. म्हणून आलेखापेक्षा आपली लक्षणे डॉक्टरांना स्पष्टपणे सांगणे अधिक मोलाचे आहे.

हिमोग्लोबिनची तपासणीही करून घ्यावी, विशेषतः स्त्रियांनी. 2019-21 च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रिया आणि 25 टक्के पुरुष रक्तक्षयग्रस्त आढळले. सराव करूनही दम वाढत नाही, याचे कारण पुष्कळदा आळसात नव्हे तर रक्तात असते. रक्तदाब, रक्तशर्करा आणि हिमोग्लोबिन यांच्या तपासणीची सोय आयुष्मान आरोग्य मंदिरांत उपलब्ध असते.

नियमित औषधे घेणाऱ्यांसाठी

मधुमेह असलेल्या व्यक्तीने लांब अंतर सायकल चालवू नये, असे मुळीच नाही. तथापि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी औषधे सुरू असताना तासन् तास श्रम केल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हात थरथरणे, घाम फुटणे, चिडचिड होणे आणि विचार विस्कळीत होणे ही तिची लक्षणे. त्यांतील घाम सायकलस्वाराला थकव्याचाच वाटतो, हीच अडचण आहे. अशा वेळी थांबून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावे, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा मोजावी आणि ती सावरल्यावरच पुढे निघावे. साखर उतरण्याचा धोका फेरी संपल्यावरही टळत नाही. रिकामे झालेले स्नायू रात्रभर साखर शोषून घेत असल्याने झोपेतही ती उतरू शकते. म्हणून त्या दिवसाचा औषधांचा डोस किती असावा, हे सरावाच्या काळातच डॉक्टरांशी ठरवून घ्यावे. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधे लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकतात. ती त्या दिवसांत थांबवावयाची किंवा कसे, हाही प्रश्न आवर्जून विचारावा.

रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना शरीरातील पाणी घटण्याचा धोका अधिक असतो. मेटोप्रोलोलसारख्या गोळ्यांमुळे नाडीचा वेग वाढत नाही. त्यामुळे मनगटावरील घड्याळातील ठोक्यांवरून श्रमाचा अंदाज बांधू नये. कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये.

बारा आठवड्यांचा सराव

एका वेळी 40 किलोमीटर अंतर त्रासाविना जमत असेल, तर दोनशेसाठी बारा आठवडे पुरेसे आहेत. आठवड्यात दोन-तीन दिवस तासभर आणि सुटीच्या दिवशी एक लांब फेरी, असा क्रम ठेवावा. ही लांब फेरी 50 किलोमीटरपासून हळूहळू 140 ते 150 किलोमीटरपर्यंत न्यावी. दर चौथ्या आठवड्यात अंतर कमी करावे. सरावातील बहुतेक वेळ सोबत्याशी पूर्ण वाक्यांत बोलता येईल इतकाच वेग असावा. दमछाक करणारा सराव अधिक गुणकारी असतो, ही समजूत या अंतरासाठी तरी निरुपयोगी आहे. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा. त्या आठवड्यात राहून गेलेले अंतर भरून काढण्याचा मोह हमखास होतो, तो टाळावा.

ताप असताना किंवा तापातून उठल्यावर लगेच सराव करू नये. विषाणुजन्य आजारात हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची शक्यता असते आणि अशा वेळी केलेले श्रम घातक ठरू शकतात.

सायकलविषयी थोडक्यात. आसनावर बसून पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी आसनाची उंची असावी. आसन फार खाली असल्यास गुडघ्याच्या पुढील भागात आणि फार वर असल्यास मागील भागात दुखते. करंगळी बधिर होत असेल, तर हँडलवरील हातांची जागा वारंवार बदलावी. जांघेत किंवा जननेंद्रियांच्या भागात बधिरता येत असल्यास ती सहन करत राहू नये. आसनाचा कोन किंवा आसनच बदलावे.

पाणी, क्षार आणि उष्णता

किती पाणी प्यावे, या प्रश्नाला सर्वांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. चेन्नईच्या दमट हवेत आणि चंडीगडच्या हिवाळ्यात एकाच माणसाचा घाम दुप्पट-तिपटीने बदलतो. आपले प्रमाण काढण्याची रीत मात्र सोपी आहे. तासाभराच्या सरावापूर्वी आणि नंतर, अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. मध्ये लघवी झालेली नसेल, तर घटलेला प्रत्येक किलो आणि प्यालेले पाणी मिळून त्या तासातील घाम समजतो. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. अर्धा किलो घटले आणि अर्धा लिटर पाणी प्यालेले असेल, तर घाम एक लिटर झाला. फेरीच्या दिवशी वजनाची घट दोन टक्क्यांच्या आत राहील, इतके पाणी प्यावे.

वजन वाढता मात्र कामा नये. उन्हाच्या धास्तीने तहान नसतानाही साधे पाणी सतत पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते. डोकेदुखी, मळमळ, बोटे सुजून अंगठी घट्ट होणे, पुढे गोंधळलेपण आणि झटके, असा त्याचा क्रम असू शकतो. बघणारे याला पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी पाजतात आणि प्रकृती अधिक बिघडते. म्हणून पाण्याबरोबर क्षारही पोटात जावेत. लिंबू-मीठ-साखरेचे सरबत, मीठ घातलेले ताक अथवा जलसंजीवनी म्हणजेच ओआरएस यांपैकी जे सरावात मानवले असेल, ते घ्यावे. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते. ते सायकलच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिते करू नये. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

शरीराला उष्णतेची सवय होण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. वातानुकूलित खोलीत घरच्या यंत्रावर केलेला सराव पायांना पुरतो, घामाच्या ग्रंथींना पुरत नाही. श्रमजन्य उष्माघातात त्वचा कोरडी असेलच असे नाही. अंग घामाने निथळत असतानाही शरीराचे तापमान 40 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलेले असू शकते. असंबद्ध बोलणे, तोल जाणे, चिडून उठणे ही खूण मानावी. अशा व्यक्तीला सावलीत नेऊन आधी थंड करावे: अंगावर पाण्याचा मारा, वारा, मान-काख-जांघेत बर्फ. त्याच वेळी 108 किंवा 112 वर कळवावे. शुद्ध हरपत असल्यास तोंडात पाणी घालू नये. रुग्णवाहिकेची वाट पाहत नुसते बसून राहण्यात मेंदूची आणि मूत्रपिंडाची हानी होते.

उत्तर भारतातील हिवाळ्यात प्रश्न उन्हाचा नसून धुराचा असतो. हवेचा निर्देशांक 300 च्या वर असताना लांब सराव बाहेर करू नये. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवरील ठिकाणी पोहोचल्यावर किमान दोन दिवस विश्रांती घ्यावी.

खाणे

भूक लागल्यावर खाल्ले तर उशीर झालेला असतो. पहिल्या तासापासून दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत. एका मध्यम केळ्यातून साधारण 25 ग्रॅम मिळतात. केळी, खजूर, चिक्की, इडली, मीठ लावलेला उकडलेला बटाटा हे पदार्थ विकतच्या जेलइतकेच कामाचे आहेत आणि पोटाला ओळखीचे आहेत. ढाब्यावरील तळलेल्या पदार्थांचा मोह परतीच्या टप्प्यावर होतो, तो सांभाळावा. फेरीच्या दिवशी कोणताही पदार्थ प्रथमच खाऊ नये.

इब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आधीच घेऊन निघण्याची पद्धत काही सायकलस्वारांत आहे. पाणी घटलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. वेदना ही येथे उपयोगी सूचना आहे. ती दाबून पुढे जाऊ नये.

केव्हा थांबावे

हा निर्णय घरी, आदल्या दिवशी घ्यावा. दीडशे किलोमीटर झाल्यावर, केवळ पन्नास उरलेले असताना, थकलेले मन थांबण्याच्या बाजूने कौल देत नाही. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब, भोवळ, लघवी पूर्ण थांबणे, बोलण्यात गोंधळ, डोक्याला मार, यांपैकी काहीही झाल्यास फेरी तेथेच संपली, असे स्वतःशी आणि घरच्यांशी ठरवून ठेवावे. आयोजकांचा आणि घरचा दूरध्वनी क्रमांक, रक्तगट, आजार व औषधे लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी. अंधार पडण्यापूर्वी पुढचा-मागचा दिवा आणि परावर्तक जाकीट वापरावे. हेल्मेट प्रथमपासून शेवटपर्यंत. रस्त्यावर कोणी जखमी आढळल्यास मदतीस कचरू नये. 2019 च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 134-अ सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण देते.

फेरीनंतर दोन दिवस लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवावे. ती चहासारखी गडद झाली आणि स्नायू सुजून असह्य दुखू लागले, तर स्नायूंचे विघटन होऊन मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालयात जावे. पहाटेपासून जागे असलेल्या माणसाने फेरी संपवून लगेच मोटार किंवा दुचाकी चालवत घरी परतू नये. परतीसाठी दुसरा चालक आधीच ठरवावा, अथवा तेथेच मुक्काम करून सकाळी निघावे.