वाराचे जेवण व पंक्तिप्रपंच

पंक्तिप्रपंच हा शब्द आमच्या भाषेत चांगलाच रुळलेला आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकाच्या भातावर तुपाची धार आणि शेजारच्याच्या भातावर नुसता थेंब असा भेद वाढणाऱ्याने केला, म्हणजे त्यास आपण पंक्तिप्रपंच म्हणतो आणि करणाऱ्यास नावे ठेवतो. परंतु पानावरील तुपाचा हा भेद ज्या समाजास इतका खुपला, त्याच समाजास पंगतीत कोणास बसू द्यावयाचे आणि कोणास उंबऱ्याबाहेर ठेवावयाचे हा शतपट मोठा भेद शेकडो वर्षे खुपला नाही. वाढताना केलेला अन्याय आम्हांस दिसला. पाट मांडताना केलेला दिसला नाही. या दुसऱ्या पंक्तिप्रपंचाविषयी आज दोन शब्द लिहावयाचे आम्ही योजिले आहे, व त्यास कारणही तसेच आहे.

दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडी मराठवाडा, विदर्भ, खानदेश व सोलापूर-नगरकडील हजारो मुलेमुली विद्येसाठी पुण्यास येतात. सदाशिव, नारायण, शनिवार वगैरे पेठांतून एकेका खोलीत चार-चार खाटा टाकून ती राहतात, अभ्यासिकेत सकाळची रात्र करतात आणि महिन्याच्या बोलीने खाणावळीत जेवतात. गावाकडे पाऊस वेळेवर झाला तर ठीक. नाही झाला की घरचे पैसे लांबतात, आणि मग खर्चाला कात्री लागते ती प्रथम पोटाला. दोन वेळचे जेवण एका वेळेवर येते आणि दुसऱ्या वेळेस चहा व वडापाव यांवर भागते. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या वडील पिढीने सांगितल्या. २०१८-१९ च्या दुष्काळात हीच गोष्ट पेठांतील खोल्यांतून घडली. खोलीच्या भिंतीपलीकडे एखादे सुखवस्तू कुटुंब रात्रीची उरलेली पोळी गाईस घालावी की फेकून द्यावी याचा विचार करीत असते, आणि भिंतीअलीकडे एक मुलगा पाणी पिऊन पुस्तक उघडतो. या दोघांची ओळख नसते. हे शहर विद्येचे माहेरघर म्हणविते. माहेरी आलेल्या लेकरास जेवलास काय असे विचारावयाचे असते, एवढे मात्र ते विसरले आहे.

हे शहर पूर्वी असे नव्हते. ज्यांचे केस आता पिकले आहेत त्यांना वाराचे जेवण सांगावयास नको. गरीब विद्यार्थी पुण्यास आला म्हणजे ओळखीपाळखीने सात घरी सात वार लावून घेई. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा त्याचा आठवडा निघे. एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशी उपास. ज्यास वारही मिळत नसत तो झोळी घेऊन माधुकरी मागे. या अन्नावर शिकून कित्येक मोठे विद्वान, वकील व शिक्षक झाले. सरकारची कवडी न घेता, सभा न भरविता व ठराव न करिता, केवळ गृहिणींच्या चुलीवर चाललेली ही विद्यार्थी-वेतनाची पद्धती होती. अशी संस्था दुसऱ्या कोणत्या शहराने उभारली असती तर तिचे गोडवे त्याने शिलालेखांत कोरिले असते.

परंतु जुन्याचा अभिमान बाळगणे निराळे आणि जुन्याची वकिली करणे निराळे. या पद्धतीत दोन मोठी वैगुण्ये होती. पहिले असे की, वार मिळे तो बहुतकरून ब्राह्मणाच्या मुलास ब्राह्मणाच्या घरी. माळ्याच्या, मराठ्याच्या मुलास या घरांतून वार नव्हता. महाराच्या वा मांगाच्या मुलाने तो मागावा ही कल्पनाच कोणास शिवली नसती. दुसरे असे की, ज्यास वार मिळे त्याचाही पाट पुष्कळ ठिकाणी घरच्या पंगतीत नसे. मंडळी उठल्यावर उरलेसुरले वाढावयाचे, वर चार कामे सांगावयाची आणि उपकाराची आठवण जन्मभर द्यावयाची, असेही प्रकार होत. चांगली घरे पुष्कळ होती. परंतु मुलाच्या मानापमानाचा प्रश्न यजमानाच्या मर्जीवर टांगलेला असे, हे नाकारता येणार नाही. अन्न मिळे, पंगत मिळत नसे.

उलट पक्षी पंगत मोडून एकत्र बसण्याचे जे प्रयत्न झाले त्यांचाही इतिहास याच प्रांताचा आहे. १८४९ साली मुंबईस निघालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिभेद न मानता एकत्र खात. पण दार लावून. सभेची गुप्तता फुटताच मंडळी पांगली. पुढे १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. रानडे, टिळक यांसारखी शहरातील थोर माणसे तेथे हजर होती. गोपाळराव जोशी यांनी सर्वांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापविली, आणि एका पेल्याने शहर ढवळून निघाले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, ग्रामण्य झाले. अखेरीस १८९२ साली खुद्द न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. स्वतःच्या मनाच्या टोचणीने नव्हे, तर सोबतच्या मंडळींची घरगुती अडचण दूर व्हावी म्हणून. त्यांच्या या माघारीने कित्येक सुधारक हळहळले. आम्हांस त्यांचा उपहास करावयाचा नाही. मुलीचे लग्न अडते, श्राद्धास ब्राह्मण मिळत नाही, सोयरे तोंड फिरवितात, हे भोगणाऱ्यासच कळते. परंतु यातून शिकावयाचे ते हे की, सुधारणा जोवर सभागृहातील चहापुरती असते तोवर घरातील चूल तिला हरविते. स्वयंपाकघर ज्याच्या बाजूचे नाही तो सुधारक अर्ध्या वाटेवरून परततो.

म्हणूनच ज्यांनी घरापासून आरंभ केला त्यांचे काम टिकले. ज्योतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला तो याच शहरात, आणि १८७६-७७ च्या दुष्काळात भुकेल्या मुलांस जेवू घालण्याची खटपट केली तीही याच घराने. कोल्हापुरास शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे याच्या दुकानी स्वतः थांबून चहा घेतला, तेव्हा सोबतच्या सरदारांस तो नाकारणे जड गेले. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका ठिकाणी राहू व जेवू लागली. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले, पण पंगत मोडली नाही. पुणे करार झाला त्या १९३२ सालीच भाऊरावांनी पुण्यात युनियन बोर्डिंग काढले. करारावर सह्या पुढाऱ्यांनी केल्या. त्याची अंमलबजावणी मुलांच्या ताटांतून कशी व्हावी हे या गृहस्थाने दाखविले.

व्यापारी वाचकांस याहून जवळचे उदाहरण द्यावयाचे तर हमाल पंचायतीचे देऊ. डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने या पंचायतीने १९७४ साली पुण्यात 'कष्टाची भाकर' सुरू केली. दिवसभर पाठीवर पोती वाहणाऱ्याने शिळेपाके खाऊन का राहावे, त्यास ताजी झुणका-भाकर परवडेल अशा भावात का मिळू नये, हा साधा विचार. नफा काढावयाचा नाही, तोटाही सोसावयाचा नाही. भाकरी थापणाऱ्या बायांस रोजगार आणि खाणाऱ्यास पोटभर अन्न, असा हा रोखठोक हिशेब. येथे दाता कोणी नाही आणि याचकही कोणी नाही. सरकारनेही १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर आणि २०२० साली दहा रुपयांत शिवभोजन थाळी काढून पाहिली. त्यांचा उपयोग झाला नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु सरकारी ताट मंत्रिमंडळाच्या आयुष्यावर अवलंबून असते. श्रमिकांनी आपल्या बळावर मांडलेले ताट मंत्रिमंडळे बदलली म्हणून उचलावे लागत नाही.

आता कोणी म्हणेल, जातीच्या पंगती मोडून किती काळ लोटला. उपाहारगृहात आज कोण कोणाची जात विचारतो? खरे आहे. राज्यघटनेच्या कलम १५ ने उपाहारगृहाचे दार सर्वांस उघडिले, कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणाऱ्यास शिक्षा सांगितली. परंतु कायद्याच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यास कायद्याची हद्दही ठाऊक आहे. ती माजघराच्या उंबऱ्याशी संपते. आपल्या घरी कोणास जेवावयास बोलवावे हे कोणतेही न्यायालय सांगणार नाही. आणि त्या उंबऱ्याच्या आत काय शिल्लक आहे याचा दाखला हवा असेल तर १८९० पर्यंत जावयास नको. स्वयंपाकास ठेविलेल्या बाईने जात लपवून आमचे सोवळे मोडिले, अशी फिर्याद २०१७ साली याच पुण्यात पोलिसांकडे नोंदविली गेली. गवगवा झाल्यावर ती मागे घेण्यात आली, ही गोष्ट निराळी. पंचहौदाच्या चहास सव्वाशे वर्षे उलटून गेल्यावर हे घडले. आणि जेथे अशी फिर्याद होत नाही तेथे तरी काय आहे? गेल्या वर्षभरात आपल्या जेवणाच्या टेबलाशी परजातीचे, परधर्माचे, निदान अनोळखी असे किती जण बसले, हे प्रत्येक वाचकाने बोटांवर मोजावे. आम्ही स्वतः मोजले, आणि उत्तर छापण्याजोगे आले नाही.

तेव्हा आमची सूचना अशी आहे. वाराचे जेवण पुन्हा सुरू करावे. त्यातील औदार्य तेवढे घ्यावे आणि पंक्तिप्रपंच टाकून द्यावा. ज्या घरास शक्य आहे त्याने आठवड्यातून एक वार एका विद्यार्थ्यास द्यावा. त्याची जात विचारू नये, गाव जरूर विचारावे. त्याचा पाट घरच्या पंगतीत, घरचेच अन्न, घरच्याच वेळेस. जेवण झाल्यावर घरच्या मुलांनी आपली ताटे उचलावी, तशी त्यानेही आपले उचलावे. याखेरीज काम सांगू नये आणि उपकाराची भाषा बोलू नये. मुलांची गाठ घालून देण्याचे काम महाविद्यालयांनी व गणेश मंडळांनी करावे. दहा दिवस मांडव घालणाऱ्या मंडळास आपल्या पेठेतील घरे आणि पेठेत राहणारी मुले या दोहोंची माहिती असते. वर्षाचे उरलेले दिवस तिचा उपयोग का होऊ नये? भवानी पेठेतील व मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांस आमची निराळी विनंती आहे. १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी काढलेल्या विद्यार्थी सहायक समितीसारख्या संस्था गावाकडील मुलांची सोय वर्षानुवर्षे पाहत आल्या आहेत. आपल्या शेजारच्या अशा एखाद्या वसतिगृहास महिन्याचे एक पोते धान्य लावून द्यावे, आणि वर्षातून एकदा तेथे जाऊन मुलांच्या पंगतीत बसून तेच धान्य जेवावे. नुसते पोते पाठविणे हे दान झाले. पंगतीत बसणे ही सुधारणा.

यावर आक्षेप येतील. पहिला व सर्वांत खरा आक्षेप गृहिणींचा. आज त्याही नोकरीवर जातात. आणखी एका ताटाचा भार त्यांच्यावरच पडणार. जुन्या वाराचे श्रेय यजमानाने घेतले आणि श्रम त्या माउलीने केले, ही गोष्ट आम्ही विसरलो नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की, वाराच्या दिवशी घरातील पुरुषांनी कणीक मळावी व वाढावयास उभे राहावे. ज्यास हे साधत नाही त्याने वार लावू नये. बायकोच्या हाताने पुण्य जोडण्याचा काळ गेला. दुसरा आक्षेप खाणावळवाल्यांचा. कित्येक बायांचे संसार या खाणावळींवर उभे आहेत, त्यांचे गिऱ्हाईक तोडावयाचे नाही. सातांतील सहा दिवस मुलगा तेथेच जेवेल. आणि ज्या घरी स्वयंपाक होत नाही त्याने खाणावळीत दोन ताटांचे पैसे भरून विद्यार्थ्याबरोबर तेथेच जेवावे. तिसरा आक्षेप, अनोळखी माणसास घरात कसे घ्यावे? सावधगिरी अवश्य बाळगावी; म्हणूनच महाविद्यालयाची वा मंडळाची हमी सुचविली आहे. परंतु अनोळखीपणा हा न भेटण्याने वाढणारा रोग आहे, हेही ध्यानात ठेवावे.

हे काम पुण्याच्या शक्तीबाहेरचे आहे असे म्हणणाऱ्याने आषाढीपूर्वी नाना पेठेत व भवानी पेठेत एक फेरी मारावी. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाच्या देवळी आणि ज्ञानोबांची पालखी विठोबाच्या देवळी उतरते तेव्हा हेच शहर लाखो वारकऱ्यांस जेवू घालते. कोणी जात विचारीत नाही, कोणी ओळख मागत नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत खाणावळी बंद पडून मुले पेठांतून अडकली, तेव्हाही शेजारच्या घरांतून त्यांच्यापर्यंत डबे पोचले. म्हणजे दानत आहे, अन्न आहे, हातही आहेत. उणीव आहे ती एवढीच की, आमची ही दानत पालखीबरोबर येते आणि पालखीबरोबर दिवे घाटाकडे निघून जाते.

ती परत जाऊ द्यावयाची नसेल तर पुढल्या आठवड्याचा एक वार आजच ठरवावा. मांडलेल्या पंगतीत एक पाट वाढविण्यास ठराव लागत नाही, वर्गणी लागत नाही, अध्यक्षही लागत नाही. जो येईल तो ज्ञानाची भूक घेऊन या शहरात आला आहे. पोटाची भूक तरी त्यास आमच्या दारावरून परत न्यावी लागू नये.