वहीत न उतरलेलं

मानववंशशास्त्रज्ञ ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहिले. लोकांत मिसळून, त्यांचीच भाषा बोलून त्यांचं जगणं टिपायची पद्धत त्यांनी रूढ केली. १९६७ साली, मृत्यूनंतर २५ वर्षांनी, त्यांची खासगी रोजनिशी छापून आली आणि अभ्यासक चक्रावले. पानोपानी चिडचिड, एकटेपणा, प्रकृतीची धास्ती आणि ज्यांचा अभ्यास करायचा त्याच लोकांचा तिटकारा! ग्रंथांत यातलं फारसं काही आलंच नव्हतं.

त्याच वर्षी मानववंशशास्त्रज्ञ जॉर्ज डेव्हरो यांनी एका पुस्तकात मांडलं की संशोधकाची अस्वस्थता लपवायची गोष्ट नाही, तीही माहितीच आहे.

याचा दाखला मानववंशशास्त्रज्ञ रेनातो रोझाल्डो यांच्या आयुष्यात मिळतो. जवळचं माणूस गेलं की संताप उसळतो आणि तो टाकून देण्यासाठी दुसऱ्याचं मुंडकं छाटून भिरकावतो, असं फिलिपीन्समधले इलोंगोट पुरुष त्यांना सांगत. रोझाल्डोंना हे उत्तर तोकडं वाटे. त्यामागे काहीतरी गहन सिद्धांत असणार, असं धरून ते तो शोधत राहिले. १९८१ साली त्यांच्या पत्नी मिशेल, त्याही मानववंशशास्त्रज्ञ, फिलिपीन्समध्येच क्षेत्रकार्य करताना कड्यावरून पडून दगावल्या. मृतदेहाजवळ पोचताच रोझाल्डोंना आधी राग आला: ही पडलीच कशी? इलोंगोटांचं म्हणणं त्यांना तेव्हा उमगलं.

आपल्याकडे इरावती कर्वे यांनीही पंढरीच्या वाटेवर ब्राह्मण आणि मराठा वारकऱ्यांची जेवणं वेगळी होताना पाहून आलेली कळ लेखात उघडपणे नोंदवली.

पण अशी भावना दरवेळी आपणहून वर येत नाही. म्हणून काही जण संमोहनाकडे वळतात. इथे रंगमंचावरची जादू नसते. डोळे मिटलेल्या संशोधकाचं लक्ष आधी श्वासावर आणलं जातं, मग एखाद्या प्रसंगावर. पायाखाली काय लागतंय? वास कसला येतोय? छातीत काय होतंय? ‘तेव्हा भीती वाटली ना?’ असा प्रश्न मात्र विचारायचा नाही, कारण तो उत्तरच हातात ठेवतो.

धोका इथेच आहे. संमोहनात आठवलेलं जास्त खरं असतं असं नाही. उलट चुकीच्या आठवणीबद्दलही माणूस ठाम होतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीने १९८५ सालीच तसा इशारा दिला होता. शिवाय संमोहनाला सगळेच सारखे वश होत नाहीत. ते मोजायला स्टॅनफर्डमध्ये १९५९ साली मोजपट्टी तयार झाली.

त्यामुळे संमोहनाच्या बैठकीत आलेलं वेगळ्या वहीत, तारखेसह लिहावं आणि मूळ नोंदींशी ताडून पाहावं. कोण काय बोललं याची साक्ष संमोहन देत नाही. ते ऐकताना संशोधकाचं काय झालं, एवढंच त्यातून हाती लागू शकतं. बैठक घेणाऱ्यासमोर गावकऱ्यांनी विश्वासाने सांगितलेलं उघडं पडू शकतं, म्हणून त्यांची नावं आधीच बदलून ठेवलेली बरी.