मुरुडची फाईल उघडते, पण वाचता येत नाही

समजा, तुम्ही मुरुडच्या मासेमारीवर संशोधन करायचं ठरवलंय. वीस वर्षांपूर्वी टाईप केलेला एक मराठी अहवाल कुणीतरी तुम्हाला सीडीवर आणून देतं. फाईल उघडते, पण जिथे ‘मुरुड’ असायला हवं तिथे रोमन ई, मग क्यू, मग हॅशचं चिन्ह आणि शेवटी मोठा एम दिसतो. फाईल खराब झालेली नाही. ती कृतिदेव फॉन्टमध्ये आहे आणि तो फॉन्ट तुमच्या लॅपटॉपवर नाही.

संगणक अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. कोणता आकडा म्हणजे कोणतं अक्षर, हे आधी ठरवावं लागतं. जुन्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले, आणि तेही प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने. त्यामुळे दुसऱ्या कंपनीचं पॅकेज घ्यायचं तर जुना मजकूर पुन्हा टाईप करा, नाहीतर कन्व्हर्टर शोधा. निवड होती, पण फक्त पहिल्या खरेदीच्या दिवशी!

गंमत म्हणजे, सर्वांसाठी एकच मानक तेव्हाही होतं. भारतीय मानक ब्युरोचं ‘इस्की’ १९९१ चं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची, आणि तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरूनच घेतलेली. मग ते वापरात यायला इतकी वर्षं का लागली? छापखान्यांचं काम पेजमेकरवर चालायचं आणि पेजमेकरला युनिकोड देवनागरी कधीच जमली नाही. म्हणून फॉन्ट कंपन्यांना मी सरसकट दोष देणार नाही. छापील पानावर नीट दिसणारी मराठी तेव्हा त्यांच्याकडेच मिळत होती.

आता कन्व्हर्टर वापराल, तर डोळे उघडे ठेवा. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाईप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं बरोबर उलटं. म्हणजे ‘जिताडा’, ‘शिंगाळा’, ‘पर्ससीन’ हे शब्द हाताने तपासायचे. माशांची आणि गावांची नावं स्पेलचेकला कुठून माहीत असणार?

युनिकोडमध्ये आलात म्हणजे सुटलात, असंही नाही. ‘दऱ्या’मधला ऱ्य दोन प्रकारे साठवता येतो: नुक्ता असलेला ऱ वापरून, किंवा साध्या र् नंतर एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो, दुसरा नाही. त्यात काही प्रोग्राम मजकूर ‘साफ’ करताना ते अदृश्य चिन्ह काढून टाकतात. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. किनारपट्टीवर काम करणाऱ्याने शब्दांची वारंवारता मोजली, तर डोंगरातल्या दऱ्या समुद्रात जमा! ‘ॲ’चंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं. त्याआधीच्या मजकुरात ते अ आणि वरचा चंद्र असं वेगवेगळं साठवलेलं असतं. कोणतं रूप ठेवायचं ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि नोंदवहीत लिहून ठेवा.

हाच प्रश्न तुमच्या इतर सॉफ्टवेअरलाही लागू आहे. मुलाखतींना कोड लावायचं पॅकेज विद्यापीठाच्या लायसन्सवर मिळतं. नोंदणी संपली की बहुधा तेही संपतं. तुमची दोन-तीन वर्षांची मेहनत त्या पॅकेजच्या फाईलमध्ये अडकलेली असते. या पॅकेजांमध्ये प्रकल्पांची देवाणघेवाण व्हावी म्हणून ‘रेफी-क्यूडीए’ नावाचं खुलं मानक आहे. तुमचं पॅकेज ते देतं का, हे आधी बघा. ‘खुलं’ हा शब्द मात्र जाहिरातीवरून ठरवू नका. भारत सरकारच्या २०१० च्या ई-गव्हर्नन्ससाठीच्या धोरणाची कसोटी साधी आहे: मानकाचा तपशील मोफत किंवा नाममात्र किमतीत मिळावा आणि त्याच्या पेटंटवर रॉयल्टी नसावी.

पहिल्या आठवड्यातच दहा ओळींची मुलाखत आत घाला, कोड लावा, बाहेर काढा आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघा. तक्ते एक्सेलमधून काढत असाल तर ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत ‘मुरुड’च्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात, आणि त्यातून मूळ शब्द परत मिळवता येत नाही.