पोखऱ्याचं पत्र : अध्यक्षबाईंचे मिस्टर कुठे असतात?

नेपाळमधलं पोखरा सोडून डोंगर चढू लागलं की गुरुंग लोकांच्या वस्त्यांमधून दगडी पायवाटा लागतात. चांगल्या घट्ट बसवलेल्या. कंत्राटदार कोण, असं मी सवयीनं विचारलं. उत्तर आलं : आमा समूह. गावातल्या बायकांचं मंडळ.

बचत गट गल्लोगल्ली पाहिलेला मराठी वाचक म्हणेल, त्यात नवल ते काय? नवल पैसा येतो कसा, याचं आहे. गावात पाहुणे आले किंवा परदेशी पलटणीतला कुणी सुटीवर आला, की या बायका झेंडूच्या माळा घेऊन हजर. मादल हा ढोल वाजतो, गाणी होतात, पाहुण्यालाही नाचवलं जातं, मग त्याचा हात आपसूक खिशाकडे जातो. त्यातून वाट, चौतारा म्हणजे वाटसरूंचा विसाव्याचा पार, पाण्याचा नळ. मी कसा नाचलो ते सोडा. माझी नोट मात्र सगळ्यांदेखत मोजून नावानिशी वहीत चढली. आमच्याकडे गटाची वही साहेब येणार असले की उघडते, आणि मागच्या चार बैठकांच्या सह्या एका दमात होतात.

तिथेच एका बाईंना मी विचारलं, ‘अध्यक्षबाईंचे मिस्टर कुठल्या पक्षात?’

‘कतारमध्ये,’ त्या म्हणाल्या.

खरी गोम हीच. कर्ते पुरुष आखातात नाहीतर मलेशियात. गाव चालवायला घरी उरलं कोण? तेव्हा नेपाळला उगाच डोक्यावर घेऊ नका. 1988 पासून गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका बाळंतिणी आणि पोरं सांभाळताहेत, पण सरकारी पगार नाही. आपल्या आशाताईंना मानधन थकलं म्हणून मोर्चा तरी काढता येतो. इथे थकायलाच काही नाही.

राजकारणाचं म्हणाल तर 2017 पासून प्रत्येक वॉर्डात चार सदस्यांपैकी दोन बायका, त्यांत एक दलित, हा नियम. वा! पण त्याच निवडणुकीत 753 पालिकांपैकी प्रमुखपदी बायका आल्या 18. पक्षानं प्रमुख आणि उपप्रमुख दोन्ही उमेदवार दिले तर एक बाई हवी, म्हणून बाईला ‘उप’ केलं. 2022 मध्ये अनेक ठिकाणी पक्षांनी आघाड्या करून एकेकच पद लढवलं, म्हणजे तोही नियम लागू नाही. ही पळवाट ऐकून मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

कायद्यात आपण पुढेच आहोत. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांना, सरपंचपदंही निम्मी. खुर्चीत बाई, आणि शेजारच्या खुर्चीत फोन घेणारे सरपंचपती. त्यांना कतारला धाडण्याची योजना कुणी काढली तर मी अर्ज भरून द्यायला तयार आहे.

तोवर एवढं करा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, हे आपल्या कायद्यातच आहे. तुमच्या गावात ती शेवटची कधी झाली, किती बायका बोलल्या, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारा. उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा.