दिसणे आणि वाहणे

मराठीच्या अध्यापकाने हृदयरोगावर लिहावे, हा अनधिकार खराच. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही पुस्तिका निघते, ते विज्ञानाच्या तासाला वारंवार बजावीत, "दिसले म्हणजे कळले, असे समजू नका, मोजून पाहा." त्या उपदेशाचा अर्थ मला सत्तरी उलटल्यावर रुग्णशय्येवर उमगला.

चढ चढताना छातीत दडपण येई, म्हणून माझी अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या रोहिणीत रंगद्रव्य सोडून क्ष-किरणांनी चित्र घेण्याची ही रीत. मेसन सोन्स यांनी १९५८ साली क्लीव्हलंड येथे तिचा पाया घातला. माझी एक रोहिणी ६० टक्के अरुंद दिसली. घरच्यांनी स्टेंटची मानसिक तयारीही केली. परंतु चित्र वाट किती अरुंद आहे ते दाखवते; पलीकडच्या स्नायूला रक्त किती पोहोचते, ते सांगत नाही.

याचे कारण लान्स गूल्ड यांनी १९७४ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले. रोहिणी आक्रसू लागली की पुढच्या सूक्ष्म वाहिन्या प्रसरण पावून तूट भरून काढतात. त्यामुळे व्यास सुमारे ८५ टक्के घटेपर्यंत विश्रांतीचा प्रवाह टिकून राहतो. श्रमाच्या वेळी लागणारी वाढ मात्र त्याच्या पुष्कळ आधी खुंटते. हृदयाची ही शिल्लकच मोजावी लागते.

पेट स्कॅनमध्ये प्रथम विश्रांतीत आणि मग औषधाने प्रवाह वाढवून, दर ग्रॅम स्नायूला मिनिटाला किती मिलिलिटर रक्त मिळते, ते काढतात. निरोगी हृदयात दुसरा आकडा पहिल्याच्या साधारण तिप्पट वा अधिक असतो. दुपटीहून कमी भरल्यास शिल्लक घटली असे मानतात. मोठ्या रोहिण्या निर्मळ असूनही असे घडल्यास दोष सूक्ष्म वाहिन्यांत असू शकतो. अशा रुग्णांत स्त्रिया पुष्कळ. त्यांच्या वेदनेची 'मनाचे खेळ' म्हणून बोळवण होत आली आहे.

दुसरा मार्ग दाबाचा. प्रवाह औषधाने कमाल वाढवून, बारीक तारेने अरुंदीपलीकडचा दाब मोजतात व त्यास महारोहिणीतील दाबाने भागतात. भागाकार ०.८० किंवा त्याहून कमी आल्यास अडथळा घातक मानतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या 'फेम' अभ्यासात १००५ रुग्ण होते. केवळ चित्र पाहून स्टेंट घातलेल्यांपैकी १८.३ टक्क्यांच्या वाट्याला वर्षभरात मृत्यू, हृदयविकाराचा झटका वा पुन्हा शस्त्रक्रिया आली. दाब मोजून घातलेल्यांत हे प्रमाण १३.२ टक्के होते. आता सीटी स्कॅनच्या चित्रांवरून संगणकही हा भागाकार अंदाजतो.

माझा आकडा ०.८८ आला. स्टेंट टळला, औषधे आणि पथ्य चालू आहे. अर्थात हा विचार स्थिर दुखण्यापुरता. छातीत अकस्मात कळ आली, तर आकड्यांची चर्चा न करता तत्काळ रुग्णालय गाठावे.

गुरुजी असते, तर इतकेच विचारते, "मोजलेस ना?"