नाव मानधनाचे, काम मजुरीचे

तेलगाव म्हटले की साखर कारखाना आठवतो. पण ऊसतोडीला आईबाप गेले की आजीजवळ मागे राहिलेल्या लेकरांचे दुपारचे जेवण म्हणजे शाळेतली खिचडी. ती शिजवणाऱ्या भाभी-मावशींना महिन्याला 2500 रुपये मिळतात, तेही वर्षातले 10 महिने. आम्हा शिक्षकांचा पगार मे महिन्यातही होतो. त्यांच्या घरची चूल तेव्हा थांबते थोडीच!

25 मुलांपर्यंत एक बाई, 100 पर्यंत दोघी, असा नियम. निवडणे, शिजवणे, वाढणे, भांडी घासणे सगळे त्यांच्याच माथी. केंद्राने 2009 मध्ये 1000 रुपये ठरवले. पुढची वाढ राज्याने केली. संघटना किमान वेतन मागतात. पण सरकार या पैशाला वेतन म्हणतच नाही, ‘मानधन’ म्हणते. सगळी मेख इथेच आहे. 2020 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र उत्तर प्रदेशातल्या अशाच एका बाईच्या अर्जावर 1000 रुपयांत राबवून घेणे ही वेठबिगारी ठरवली.

शाळा व्यवस्थापन समितीत आपल्यातले पालक असतात. पुढच्या बैठकीत त्यांनी विचारावे: मागच्या महिन्याचे मानधन त्यांच्या खात्यावर जमा झाले का?