अ‍ॅजाइलवर पीएचडी, शेरा मात्र पाच वर्षांनी

गोंडवाना विद्यापीठ, ऑस्ट्रेलियाचं कर्टिन विद्यापीठ आणि लॉईड्स मेटल्स ही कंपनी यांच्यातल्या कराराच्या बातम्या वाचून झाल्याच असतील. गडचिरोली पोलादाचं केंद्र होणार, तिथंच अभियंते घडणार, पाठोपाठ संशोधनही येणार. इमारती उभ्या राहतील, यंत्रं येतील, फीत कापायला मंत्रीही येतील. प्रश्न त्यानंतरचा आहे. तिथं पीएचडी करणाऱ्या मुलामुलींना ‘बाबा रे, हे चुकतंय’ असं वेळेत कोण सांगणार?

उदाहरणादाखल एकच विषय घेऊ, कारण त्यात विसंगती ठळक दिसते. ‘अ‍ॅजाइल’ पद्धतीने सॉफ्टवेअर कसं तयार होतं, यावर संगणकशास्त्रात भरपूर संशोधन होतं. हिंजवडीत नोकरी करणारं कुणी घरात असेल तर स्प्रिंट, स्टँडअप हे शब्द जेवणाच्या टेबलावर येऊन गेलेलेच असतात. आधी सगळ्या गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी आणि वर्षा-दोन वर्षांनी ग्राहकाच्या हाती काहीतरी द्यायचं, अशी जुनी रीत. विन्स्टन रॉयस यांनी 1970 साली या क्रमाचं चित्र काढलं आणि त्याच निबंधात ही वाट धोक्याची असल्याचंही लिहिलं. जगाने चित्र उचललं, इशारा सोडून दिला. पुढे 2001च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या स्नोबर्ड इथं सतरा जणांनी अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्याचा गाभा एवढाच: थोडं करा, चालणारं करा, वापरणाऱ्याला दाखवा, तो काय म्हणतो ते ऐका, मग पुढचं करा. स्क्रम या अ‍ॅजाइलच्या रूढ पद्धतीत अशी एक फेरी (तीच ‘स्प्रिंट’) फार तर महिनाभराची.

आता याच विषयावरची पीएचडी कशी होते ते पाहा. विषय नोंदवायचा, कोर्सवर्क उरकायचं, आधीच्या संशोधनाचा आढावा लिहायचा, प्रश्नावली वाटायची, आकडे सॉफ्टवेअरमध्ये घालायचे, प्रबंध बांधायचा. मार्गदर्शकाखेरीज कुणी तो मनापासून वाचतं ते बाह्य परीक्षकांकडे गेल्यावर. म्हणजे अभ्यास अ‍ॅजाइलचा आणि रीत रॉयसच्या चित्रातली!

नियम वाईट आहेत असं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांनुसार संशोधकाने प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे कामाचं सादरीकरण करायचं असतं. प्रबंध देण्याआधीचं सादरीकरण तर सर्व प्राध्यापक आणि विद्यार्थ्यांना खुलं असतं. शोधनिबंध छापून आणण्याची सक्तीही याच नियमांनी काढली. तीन ते सहा वर्षांच्या मुदतीत सहा ते बारा वेळा ऐकण्याची सोय कागदावर आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ही बैठक चहा, सही आणि ‘प्रगती समाधानकारक’ या तीन गोष्टींत आटोपते. समाधान कुणाचं, हे विचारायची पद्धत नाही.

सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या जगाने यावर उपाय म्हणून डॉक्टरल सिम्पोझियम रुजवलं. 2000 साली इटलीत सुरू झालेल्या ‘एक्सपी’ या अ‍ॅजाइलच्या परिषदेत पीएचडी करणाऱ्यांसाठी असं वेगळं सत्र होत आलं आहे. ‘इनोव्हेशन्स इन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग कॉन्फरन्स’ (पूर्वीची ‘इंडिया सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग कॉन्फरन्स’) 2009 आणि 2019मध्ये पुण्यात, 2016मध्ये गोव्यात झाली; संशोधक विद्यार्थ्यांसाठी तिथंही जागा असते. अशा ठिकाणी अपुरं काम घेऊनच जायचं असतं. चार-सहा पानांत प्रश्न, पद्धत आणि आजवर हाती आलेलं मांडायचं. समोर आपल्या विद्यापीठाशी देणंघेणं नसलेले जाणकार. ते विचारतात, तुझा चमू खरा की वर्गातल्या पोरांचा? ‘यश’ मोजलंस कशाने? अ‍ॅजाइलमुळे काम सुधारलं की मुळात चांगल्या चमूनेच अ‍ॅजाइल घेतलं?

हे प्रश्न पुस्तकी नाहीत. नॉर्वेतले टोरे डिबो आणि टोर्गेइर डिंगसोयर यांनी 2008मध्ये या क्षेत्रातल्या संशोधनाचा आढावा छापला. 1,996 अभ्यास चाळले. दर्जाच्या आणि उपयुक्ततेच्या कसोटीवर उतरले अवघे 36. आता चित्र सुधारलं असेलही. पण त्या आकड्यामागे किती जणांची किती वर्षं असतील, आणि त्यातल्या किती जणांना पहिल्याच वर्षी कुणी हटकलं असतं तर बरं झालं असतं!

मात्र यासाठी परदेशी परिषदेचं तिकीटच काढलं पाहिजे, असं मला वाटत नाही. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं तरी पुरे. त्याच रस्त्यावर डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचं शोधग्राम आहे. त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेच्या सुरुवातीच्या काळात या दोघांनी जिल्ह्यातल्या सिकलसेलचा अभ्यास केला. निष्कर्ष महत्त्वाचे होते. पण हा प्रश्न लोकांनी विचारलेला नव्हता, संशोधकांच्या कुतूहलातून आलेला होता, हे डॉ. अभय बंग यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितलं. ज्यांच्यासाठी संशोधन करायचं, त्यांच्याशी आधी बोलायचं, हा धडा त्यांनी घेतला.

त्याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण म्हणजे न्यूमोनिया ओळखण्याचं साधन. बाळाचे श्वास मिनिटाला किती, यावर निदान ठरतं: दोन महिन्यांखालच्या बाळाला साठ, त्यापेक्षा मोठ्याला पन्नास ही धोक्याची रेषा. गावातल्या निरक्षर दाईला पन्नास-साठपर्यंत मोजणं अवघड, दहापर्यंत सोपं. दाईंना आकडे शिकवत बसण्याऐवजी साधनच बदललं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. हे साधन 1992 साली शोधनियतकालिकात प्रसिद्ध झालं. स्नोबर्डच्या जाहीरनाम्याला तेव्हा नऊ वर्षं अवकाश होता.

वापरणाऱ्याची अडचण हाच आराखड्याचा पाया, हे तत्त्व पुढेही टिकलं. शोधग्रामचा दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा आहे आणि माँ दंतेश्वरीच्या नावाने चालतो, कारण आदिवासींनी तसंच सुचवलं. घरोघरच्या नवजात बालसेवेचा प्रयोग 39 गावांत झाला, तुलनेसाठी 47 गावं होती. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. लोकांचं ऐकलं म्हणून शास्त्र पातळ झालं, असं कुणाला म्हणायचं असेल तर हे आकडे बघून म्हणावं.

याच धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा आहे. 2009मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं गाव म्हणून आपण ते ओळखतो. त्यामागचा अभ्यासगट मात्र कमी चर्चेत येतो. गावचे नेते देवाजी तोफा, चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी एकत्र बसून कायदे वाचत, प्रश्न काढत. अभ्यासगटात चर्चा करायची, निर्णय ग्रामसभेने सर्वसहमतीने घ्यायचा. अपुरी समजूत सगळ्यांपुढे मांडण्यात कमीपणा नाही, ही सवय या गावाने लावून घेतली. आमच्या विद्यापीठांच्या सभागृहांत नेमकी हीच सवय दुर्मीळ आहे. तिथं शंका विचारणारा उद्धट ठरतो आणि विद्यार्थ्याची चूक मार्गदर्शकाची बेअब्रू मानली जाते.

इथं एक रास्त आक्षेप येईल: सांख्यिकीची चूक गावकरी कसा सांगणार? नाहीच सांगणार. पद्धतीवरचा शेरा जाणकारानेच द्यावा. पण प्रश्न नेमका कुणाचा, हे वापरणाराच सांगू शकतो. चंद्रपुरात अ‍ॅजाइलचा अभ्यास करायला सॉफ्टवेअर कंपन्या कुठे आहेत, अशी तक्रार असते. ताडोबात गस्तीच्या नोंदी एम-स्ट्राइप्स या प्रणालीत जातात. ती वापरणाऱ्या वनरक्षकाची अडचण सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपर्यंत किती दिवसांत पोचते, हा अस्सल अ‍ॅजाइल संशोधनाचा विषय आहे. तेंदू-बांबूचा हिशेब ठेवणाऱ्या ग्रामसभांना कसली प्रणाली हवी, हाही. पुण्यातल्या दोनशे अभियंत्यांना गूगल फॉर्म पाठवण्यापेक्षा हे कठीण आहे, आणि म्हणूनच करण्याजोगं.

अ‍ॅजाइललाही कर्मकांडाची बाधा झाली आहे, हे मान्य. रोज सकाळी पंधरा मिनिटं उभं राहून कुणीही कुणाचं ऐकत नाही, असे चमू भरपूर आहेत. सल्लागार समितीच्या बैठका वाढवून तेच होईल. त्यामुळे मागणी जास्त बैठकांची नाही. तीन साध्या गोष्टी विद्यापीठाने कराव्यात. पहिल्या वर्षातच प्रत्येक संशोधकाने चार पानं बाहेरच्या दोन जाणकारांना दाखवावीत. समितीचा शेरा लेखी असावा आणि पुढची बैठक ‘मागच्या शेऱ्याचं काय केलंस?’ इथूनच सुरू व्हावी. आणि ज्यांच्या कामावर प्रबंध लिहिला जातोय, त्यांच्यातल्या एकाला तरी समितीसमोर बोलू द्यावं. मग तो वनरक्षक असो की ग्रामसभेचा हिशेबनीस. गोंडवाना विद्यापीठ 2011मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांना विद्यापीठ जवळ असावं म्हणूनच. विद्यापीठ जवळ आलं. त्यातल्या संशोधनावरचा शेराही आता वेळेत यायला हवा. त्याला कुठल्या कराराची गरज नाही.